टर्बोची कैफियत

मोटारीच्या बॉनेटखालून एखादा अनोळखी आवाज उमटू लागला, की तो कोणत्या वेगास येतो, चढावर वाढतो की उतारावर, गार इंजिनावर असतो की तापलेल्या, यांपैकी कशाचीही विचारपूस न करता ‘टर्बो गेला, नवा टाका’ असा निवाडा देऊन मोकळे होण्याची जी रीत बीड शहरापासून गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाईपर्यंतच्या गॅरेजांतून रूढ झाली आहे, तिची वकिली आमच्या एका स्नेह्यांनी नुकतीच आमच्यासमोर मोठ्या हिरिरीने केली. हे गृहस्थ स्वतः या धंद्यातले, पोरवयापासून पाने उचलून वर आलेले आणि गिऱ्हाइकाशी सहसा खोटे न बोलणारे असल्यामुळे त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. त्यांचे प्रतिपादन असे, की टर्बो ही साध्या मिस्त्रीने उघडण्याची वस्तू नव्हे. गिऱ्हाईक परगावचे असते आणि त्याला गाडी दिवस मावळायच्या आत हवी असते. कुरकुरणारा टर्बो वेळीच न बदलला तर त्याचे तुकडे इंजिनात शिरून खर्च कितीतरी पटींनी वाढतो. आणि कान लावून निदान करण्याचा जमाना स्कॅनर आल्यापासून संपला. या चारही विधानांत तथ्याचा अंश आहे. परंतु त्या चारांची मोट बांधून जो निष्कर्ष काढला जातो, तो आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे, आणि तो का अमान्य आहे हे सविस्तर मांडणे अवश्य वाटते. कारण हा निष्कर्ष एखाद्या मध्यम स्थितीच्या कुटुंबाच्या खिशातून पाच आकडी रक्कम काढून नेतो आणि पुष्कळदा आवाज मात्र जागच्या जागी ठेवतो.

बीड शहरास रेल्वे लाभली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे निजामी अंमल संपल्यास ७७ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. तोवर, आणि बव्हंशी अजूनही, या जिल्ह्याचा व्यवहार रस्त्यावरूनच चालत आला. कचेरीतील तारीख, मोठ्या दवाखान्यातील तपासणी, लग्नाची बोलणी, ऊसतोडीच्या टोळीमागे मुकादमाचे कारखान्यावर जाणे-येणे, या सर्वांसाठी काळी-पिवळी जीप नाही तर स्वतःची डिझेल मोटार हाच आधार. या मोटारींत २००७ पासून घरोघर पोहोचलेली १२४८ घनसेंटीमीटरची छोटी डिझेल इंजिने पुष्कळ आहेत. पुण्यास जाताना रांजणगावी महागणपतीस हात जोडणाऱ्या बीडकरांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असेल, की तेथल्याच औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या मोटारींसाठी ही इंजिने घडत असत. पुढे एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, हीच इंजिने वापरणाऱ्या मारुतीने डिझेल मोटारी बंदच केल्या, आणि परिणामी आज रस्त्यावर असलेल्या या वर्गातील कित्येक गाड्या जुन्या, लाखाच्या पुढे किलोमीटर तुडवलेल्या आहेत. गाडी जुनी झाली म्हणजे तिच्यातील लोखंडाच्या आधी रबर म्हातारे होते, ही गोष्ट आमच्या प्रतिवादाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पुढे तिच्याकडे यावेच लागेल.

टर्बोची मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवावयाचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसविलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनाकडून अधिक काम घ्यावयाचे, एवढाच हा व्यापार. परंतु या व्यापाराची गती विलक्षण आहे. लहान मोटारीतील हा दांडा भर ओझ्यावर मिनिटास पावणेदोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. जेमतेम चार सेंटीमीटर व्यासाच्या चक्राची कड त्या वेळी ध्वनीच्या वेगालाही मागे टाकते. आणि एका अंगाला सातशे-आठशे अंशांचा वायू असताना दांड्याला तोलून धरणारी वस्तू कोणती, तर तेलाचा एक पातळ पापुद्रा. आता मिनिटास १,८०,००० फेरे म्हणजे सेकंदास ३,०००. माणसाचा कान ज्या स्वरपट्टीत सर्वांत तिखट असतो, नेमकी तीच ही पट्टी. तेव्हा चक्राच्या तोलात अगदी नगण्य फरक असला तरी त्याची बारीक शिट्टी आपणांस ऐकू येणारच. निर्दोष, कोऱ्या टर्बोचीही ती येते. शिट्टी आहे म्हणजे दोष आहे, हे आमच्या स्नेह्यांच्या पक्षाचे पहिले गृहीतकच असे मुळात ढासळते. विचारावयाचे ते हे, की काल नव्हती अशी शिट्टी आज आली काय, आणि ती कोणाच्या तालावर चढते-उतरते.

हा दुसरा प्रश्नच सगळ्या निदानाचा कणा होय, आणि गॅरेजात तो विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर गॅरेजात मिळतच नाही. पट्ट्यावर चालणारे जे जे म्हणून आहे, अल्टरनेटर, पट्टा ताणून धरणारी पुली, जुन्या गाड्यांतील स्टिअरिंगचा पंप, ते सारे इंजिनाच्या फेऱ्यांशी जखडलेले असते: गाडी जागेवर उभी करून रेस दिली की त्याचा स्वर तत्क्षणी चढतो आणि पाय काढताच तत्क्षणी उतरतो. टर्बो इंजिनाच्या फेऱ्यांशी असा बांधील नसतो. तो ओझ्याशी बांधील असतो. जागेवर रेस दिली तर तोही थोडा फिरतो, पण अंग मोडून काम करीत नाही. बीडहून दक्षिणेस निघून धुळे–सोलापूर महामार्गाने मांजरसुंब्याचा घाट चढताना, तिसऱ्या वा चौथ्या गिअरात इंजिनाचे फेरे जवळजवळ स्थिर ठेवून पाय दाबत गेले असता जो आवाज वाढतो, आणि फेरे तेच असताना पाय सैल करताच जो क्षणभर रेंगाळून खाली येतो, तो टर्बोच्या किंवा त्याच्या हवेच्या वाटेवरचा. घाट उतरताना, पाय अजिबात उचललेला असतानाही, जो तितक्याच जोराने चालू राहतो, त्याच्याशी टर्बोचा संबंध बहुधा नसतो. तेथे पुली, बेअरिंग किंवा चाकच तपासावे. बीडच्या माणसाला ही कसोटी घाटाने फुकट दिली आहे. लांब पेचकसाची मूठ कानाच्या हाडाला लावून त्याचे टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकविणे ही जुन्या मिस्त्रींची युक्ती आमच्या स्नेह्यांना हास्यास्पद वाटते. आम्हांस वाटत नाही, मात्र फिरत्या पट्ट्यापासून हात आणि उपरण्याचे टोक दूर ठेवण्याची अट तीस अवश्य जोडावी.

आता रबराकडे येऊ. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात थेट जात नाही. ती आधी जाड हौजपाइपातून इंटरकूलरमध्ये जाऊन गार होते आणि दुसऱ्या हौजपाइपातून परत येते. बीडचा उन्हाळा, बॉनेटखालची भट्टी आणि ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ या तिघांनी मिळून दहा वर्षांत या हौजपाइपांची जी दशा होते, ती वरून पाहून कळत नाही. भेग असते ती पोटाशी, क्लिपच्या कडेला, आणि गाडी उभी असताना तिचे ओठ मिटलेले असतात. दाब आला म्हणजेच ती उघडते. त्या भेगेतून हवा सुटू लागली, की चढावर ‘सूंऽऽ’ असा घुसमटलेला फुत्कार ऐकू येतो, गाडीची ओढ मरते, आणि हवा कमी पडून डिझेल अर्धे जळाल्यामुळे मागे काळा धूर निघतो. शिवाय, हवा बाहेर वाया जात असल्याने ती भरून काढण्यासाठी टर्बोला नेहमीपेक्षा अधिक फेरे घ्यावे लागतात, आणि त्याची स्वतःची शिट्टीही वरच्या पट्टीत जाते. आवाज वाढला, ओढ कमी झाली, धूर निघाला: तिन्ही लक्षणे टर्बोच्या विरुद्ध बोलतात, आणि टर्बो मात्र त्या वेळी दुप्पट इमानाने राबत असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाते ती नेमकी येथे.

या चोराला पकडण्यास लागते काय? पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, साबणाचे पाणी आणि थोडी चिकाटी. इंजिन बंद आणि गार असताना फिल्टरकडील पाइप सोडून त्याच्या तोंडास घट्ट बूच बसवावे, बुचातून हळूहळू हवा सोडावी, टायरला भरतो तिच्या निम्म्याहून अधिक हवा कदापि देऊ नये, आणि प्रत्येक जोडावर फडक्याने साबणपाणी सोडीत जावे. एका गाडीचा टर्बो बदलूनही घाटातला फुत्कार न गेल्यामुळे ही तपासणी करण्याचा प्रसंग आला, तेव्हा आम्ही शेजारी उभे होतो. वरचे सगळे जोड कोरडे राहिले. मग गाडीखाली सरकून इंटरकूलरच्या खालच्या हौजपाइपावर, रेडिएटरच्या आडोशाला, हात पोहोचेल तेथवर पाणी लावले, तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या भेगेतून फेसाचे बुडबुडे भराभर येऊ लागले. ती भेग ज्या बाजूला होती तेथे हौजपाइप पंख्याच्या आवरणाला घासत होता. कोणी तरी पूर्वी क्लिप तिरपी बसविली होती, एवढेच तिचे मूळ. नवा टर्बो बिचारा त्या भेगेला हवा पुरवीत होता.

सायलेन्सरच्या बाजूची गळती निराळी बोलते. मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यामधले पॅकिंग जळाले किंवा एखादा स्टड तुटला, तर हिवाळ्याच्या सकाळी गाडी चालू करताच ‘टक्‌टक्‌’ असा, इंजिनाच्या ठोक्यांशी जुळणारा आवाज येतो आणि लोखंड तापून फुगले की तो मंदावतो. जोडापाशी काजळीचा काळा फराटा दिसतो. उष्णतेपासून बचावासाठी बसविलेला पत्रा सैल होऊन खडखडतो, हा तर शुद्ध पोरखेळ. पण तेवढ्यावरही टर्बो बदलल्याची उदाहरणे ऐकिवात आहेत.

यावर आमच्या स्नेह्यांचा बिनतोड समजला जाणारा युक्तिवाद असा, की आम्ही गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवूनच टर्बो बदलतो. ते काय दाखवितात, हे जवळून पाहण्याजोगे आहे. फिल्टरकडचा पाइप काढतात, टर्बोच्या तोंडातील चक्राचे नाक दोन बोटांत धरून हलवितात, ते डुगडुगते. मग पाइपात बोट फिरवितात, बोटाला तेल लागते. ‘बघा साहेब, प्ले आला, तेल फेकतोय.’ साहेब काय बघणार? त्यांनी निर्दोष टर्बो कधी हलवून पाहिलेला नसतो. वस्तुतः हा दांडा ज्या बुशात फिरतो त्या बुशाच्या आतही आणि बाहेरही तेलासाठी फट मुद्दाम ठेवलेली असते. इंजिन बंद झाले, तेल ओसरले, की त्या दोन्ही फटी रिकाम्या होतात आणि दांडा आडवा थोडा डुलतो. तो डुलणारच, कारण तो तसाच घडविला आहे. खरा प्रश्न दोन गोष्टींचा असतो: चक्र एका बाजूस दाबून सावकाश फिरविले असता त्याची पाती घराच्या भिंतीला घासतात काय, आणि दांडा आत-बाहेर, म्हणजे लांबीच्या दिशेने, ओढला असता हलतो काय. ही दुसरी हालचाल मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेरचीच असावी. बोटाला ती स्पष्ट जाणवली, की मात्र आमची सगळी वकिली तेथे संपली. पात्यांच्या कडा खाल्ल्या गेल्या असतील, घराच्या भिंतीवर चमकदार ओरखडा असेल, तरीही संपली.

तेलाचा पुरावा त्याहून लंगडा आहे. इंजिनाच्या पोटात साठणारी तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या आधीच्या पाइपातच सोडलेली असते, तेव्हा त्या पाइपात तेलाचा हात लागणे हा गाडीचा नित्य धर्म आहे. आणि तेल खरोखर अधिक असले तरी टर्बो दोषी ठरत नाही. टर्बोतून तेल परत खाली येते ते दाबाने नव्हे, केवळ उताराने. परतीची नळी काजळीने तुंबली, किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगांमुळे इंजिनाच्या पोटात दाब साठला, तर खाली उतरू न शकणारे तेल धडधाकट टर्बोच्या कडांमधूनही वाट काढते. अशा गाडीत नवा टर्बो बसविला, तर तोही आठवड्याभरात ‘तेल फेकू’ लागतो आणि मग ‘माल डुप्लिकेट निघाला’ अशी तक्रार उत्पन्न होते.

आम्ही टर्बोस अमर समजतो, असा आरोप कोणी करू नये. शिट्टीचे रूपांतर दिवसेंदिवस चढत जाणाऱ्या सायरनमध्ये झाले, तिच्यात धातू धातूवर घासल्याचा खरखरीत स्वर मिसळला, आणि निळसर धूर निघू लागला, तर आमच्या स्नेह्यांचेच म्हणणे खरे: गाडी तेथेच उभी करावी, एक किलोमीटरही पुढे नेऊ नये, ओढून न्यावी. अशा अवस्थेत तेल हवेच्या वाटेने इंजिनात जाऊन तेच इंधन होऊ लागले, तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही, उलट बेभान धावू लागते. त्या वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक जिवानिशी दाबून, क्लच सोडून ते बंद पाडावे, आणि तेही जमत नसेल तर माणसांनी आधी दूर व्हावे. येथे कीस पाडीत बसण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

परंतु मेलेला टर्बो काढून नवा बसविल्याने खटला निकाली निघतो, हेच तर आम्हांस मान्य नाही. टर्बो स्वतःच्या मरणाने क्वचित मरतो. त्याला कोणी तरी मारलेले असते, आणि मारणारा गाडीतच मोकळा राहतो. या जिल्ह्यात पहिला संशयित म्हणजे धूळ. कापसाच्या व उसाच्या हंगामात काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून ट्रॉल्यांच्या मागोमाग जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर किती लवकर भरतो हे येथे कोणास सांगावयास नको. मात्र तो बदलण्याऐवजी कॉम्प्रेसरच्या नळीने जोरात हवा मारून ‘साफ’ करण्याची जी सार्वत्रिक काटकसर आहे, तिने कागदाची बारीक भोके मोठी होतात आणि धूळ सरळ आत जाऊन, मिनिटास लाखावर फेरे घेणाऱ्या पात्यांच्या कडा वाळूकागदासारख्या घासून काढते. दुसरा संशयित मुदत टळलेले तेल: त्याची काजळी होऊन टर्बोकडे जाणारी बोरूएवढी नळी अरुंद होते आणि पापुद्रा तुटतो. तिसरा संशयित आम्ही स्वतः. धारूरचा घाट भर ओझ्याने चढून माथ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबताच ज्या क्षणी आपण चावी फिरवितो, त्या क्षणी तेलाचा पंप बंद पडतो आणि लालबुंद टर्बोच्या पोटात उरलेले तेल तेथेच करपते; मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवले असते तर तसे घडते ना. जो मिस्त्री नवा टर्बो बसविताना तेलाची नळी बदलत नाही, परतीची वाट साफ करीत नाही, हौजपाइपात व इंटरकूलरमध्ये अडकलेले जुन्या पात्यांचे तुकडे धुऊन काढीत नाही आणि पहिल्या वेळी चालू करण्यापूर्वी टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल घालीत नाही, तो दुसऱ्या टर्बोच्या मृत्यूची तारीखच ठरवून देतो.

राहिला स्कॅनर. आम्ही त्याचे विरोधक नाही. पण तो काय सांगतो ते नीट ऐकावे. ‘पी ०२९९’ हा क्रमांक पडद्यावर उमटला, म्हणजे हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढेच यंत्र सांगते. तो फुटलेल्या हौजपाइपाने कमी झाला, तुंबलेल्या फिल्टरने, अ‍ॅक्च्युएटरला व्हॅक्यूम पोहोचविणारी बोटभर रबरी नळी निसटल्याने, की टर्बोच्या दोषाने, हे त्या क्रमांकात कोठेही लिहिलेले नसते. तलाठ्याने ‘पीक कमी आले’ असा दाखला दिला म्हणून बी खराब होते असे सिद्ध होत नाही. यंत्राची जबानी घ्यावी, ती नोंदवावी, आणि मग ज्याला तिचा अर्थ लावावयाचा आहे त्याने गाडी घेऊन घाटात जावे.

आमच्या स्नेह्यांचा एक आक्षेप मात्र आम्हांस निरुत्तर करणारा नसला तरी लाजविणारा आहे. ते म्हणाले, ‘दोन तास गाडीखाली लोळून, साबणपाणी लावून, मी तुम्हांला शंभर-दोनशे रुपयांची क्लिप बदलून दिली, तर तुम्ही मला किती पैसे देता?’ याचे प्रामाणिक उत्तर असे आहे, की आम्ही क्लिपचे पैसे देतो आणि वर चहा पाजतो. वस्तूचा दाम मोजावयास आमचे गिऱ्हाईक खळखळ करीत नाही. तपासणीचा दाम मागितला, की ‘केले काय तुम्ही, नुसते पाहिले तर’ म्हणून हुज्जत घालते. जेथे निदानास मोल नाही आणि बदलीस आहे, तेथे धंदेवाईक मनुष्य बदलीकडेच झुकणार, आणि त्याला नुसती बेइमानी म्हणून हिणवणे हा ढोंगीपणा होईल. म्हणून आमची तजवीज अशी: गॅरेजवाल्याने तपासणीची फी आरंभीच सांगावी आणि ती निःसंकोच घ्यावी, दोष क्लिपचा निघो की टर्बोचा, गिऱ्हाइकाने ती मुकाट द्यावी, आणि टर्बो बदलावाच लागला, तर जुना टर्बो, जुनी तेलाची नळी व जुना फिल्टर हा सारा मुद्देमाल मालकाच्या हवाली करून तो कशाने गेला हे पावतीवर लिहून द्यावे. आमच्या स्नेह्यांना फीची गोष्ट एकदम पटली. पावतीवर कारण लिहिण्याच्या कलमाविषयी ते अद्याप विचार करीत आहेत. तूर्त त्यांच्या पावतीवर ‘टर्बो काम’ एवढेच दोन शब्द असतात.